व ला वेलांटी

चूक कुठे दडून बसेल, सांगता येत नाही. ऋजुता मसूरकरची चूक एका अक्षराच्या डाव्या अंगाला बसली होती, तीन वर्षं, शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांच्या थंडीत. तिथे जिवंत पेशी थिजतात, काळ थिजतो. चूक मात्र ताजीतवानी राहते.

मार्गशीर्षातला बुधवार, दुपारचे तीन. कराडच्या एका गर्भोपचार केंद्रात ऋजुता गोठवलेल्या भ्रूणांच्या टाकीपाशी उभी होती. अकरा वर्षं ती इथे भ्रूणतज्ज्ञ होती. येत्या सोमवारी रेणुकाताई साळुंखे यांच्या गर्भाशयात त्यांचं गोठवलेलं भ्रूण सोडायचं होतं. ते जागेवर आहे ना, एवढंच आज बघायचं होतं. तिनं लांब चिमट्यानं नळी वर उचलली. वाचकयंत्रानं नळीवरची संकेतपट्टी वाचली आणि हिरवा दिवा लावला.

पट्टीच्या वर हातानं लिहिलेलं नाव होतं. सहा वर्षांपूर्वी ही नळी भरली त्या आठवड्यात केंद्राचा प्रिंटर बंद पडला होता. एरवी त्या अक्षरांवर हिम साचलेलं असे. आज चिमटा घासला, पापुद्रा गळून पडला आणि नाव स्वच्छ दिसलं. रेणुका व. साळुंखे.

ताईंच्या यजमानांचं नाव विनायक. व ला पहिली वेलांटी हवी होती. वेलांटी नव्हती, आणि ती मावेल एवढी जागाही लिहिणाऱ्यानं सोडली नव्हती.

तिनं नळी पटकन थंडीत सोडली आणि वापरलेल्या नळ्यांचा खण उघडला. कायद्यानं त्या वर्षभर जपून ठेवाव्या लागत. अन्विता जगताप असं लिहिलेल्या पाकिटातून तिनं एक नळी काढली. हिच्यावर आता हिम नव्हतं. रेणुका वि. साळुंखे. वेलांटी अशी घोटीव, की पहिलीच्या बाईंनी शाबासकी द्यावी. ऋजुतानं नळी पाकिटात घातली, पाकीट खणात, खण बंद. मग पुन्हा उघडला. वेलांटी तिथेच होती.

आता हे जरा मुळापासून सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात इथे दोन रेणुका साळुंखे आल्या. पहिली वसंत साळुंख्यांची मुलगी. तिचं लग्न नुकतंच झालं होतं. तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं, अन्विता जगताप. पण कागदपत्रं अजून माहेरच्या नावाची. अंडाशयाची शस्त्रक्रिया व्हायची होती म्हणून जोडप्यानं आधी एक भ्रूण गोठवून ठेवलं. दुसरी विनायक साळुंख्यांची बायको. तिचं माहेरचं नाव वेगळंच होतं. रेणुका हे नाव तिला तांदळातच मिळालेलं. विनायकरावांवर कर्करोगाची औषधं सुरू व्हायची होती, म्हणून त्यांनीही एक भ्रूण ठेवलं. एकीचं नाव लग्नात गेलं, दुसरीला तेच नाव लग्नात आलं.

तीन वर्षांपूर्वी जुन्या नळ्यांवर संकेतपट्ट्या चिकटवायचं काम ऋजुतानं केलं. या दोन नळ्यांतली पहिली तिनं वाचली. 'व' दिसला. डावीकडची वेलांटी हिमाखाली होती. म्हणजे ही अन्विताची. मग उरलेली ताईंचीच, तिच्यावर काय वाचायचं? तेव्हापासून यंत्र दर वेळी तपासून 'बरोबर' म्हणत आलं. त्या बिचाऱ्याला चूकच बरोबर म्हणून शिकवली होती.

आणि गेल्या श्रावणात ऋजुतानं अन्विताची जोडणी केली होती.

जोडणी म्हणजे काय? तीन दिवसांच्या भ्रूणात आठेक पेशी असतात, द्राक्षांच्या घोसासारख्या सुट्या सुट्या. पेशीच्या अंगावर कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाचे आकडे असतात. पण पेशी हे आकडे घडवते तेव्हा त्यांना टोपण घालते. टोपण आहे तोवर आकडा आकड्यात अडकत नाही. एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते टोपण कापून टाकतं. मग वेळ झाली की आकडे एकमेकांत गुंततात, पेशी गच्च बिलगतात, आणि घोसाचं तुतीचं फळ होतं. आत सापडलेल्या पेशींचं पुढे बाळ होतं, बाहेर राहिलेल्यांची वार. दुसरं एक विकर आकडेच मुळातून छाटतं. पेशींना जागा सोडून पुढे जायचं असतं, तेव्हा ते कामी येतं. दोन्ही कात्र्याच. एक बिलगवणारी, एक सोडवणारी.

बिलगवणारं विकर बाटलीत मिळायला लागलं आणि जोडणी सुरू झाली. एकाच जोडप्याची दोन अशक्त भ्रूणं घ्यायची, त्यांची कवचं काढायची, एका थेंबात शेजारी ठेवायची. विकर आकडे उघडे करतं आणि सहा तासांत दोहोंची मिळून एकच तुती होते. रोगट पेशी मागे पडतात, धडधाकट पुढे येतात. ज्यांनी आशा सोडली होती, त्यांच्या घरी पाळणे हलू लागले. कायद्याची अट एकच: दोन्ही भ्रूणं त्याच आईची, त्याच बापाची.

अन्विताचं एक भ्रूण ताजं होतं, एक जुनं. जुनं म्हणून थेंबात ठेवलं गेलं, ते रेणुकाताईंचं होतं. आणि अन्विताला आता एकोणिसावा आठवडा चालू होता.

डॉक्टर जोगळेकरांनी सगळं शांतपणे ऐकलं. केंद्र त्यांचं, आणि माणूस वाईट नव्हता. गरिबाला तपासणी फुकट करून देणारा. त्यांनी उठून दार लावलं.

"कुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"मग अजून काही घडलेलं नाही. बस."

ती बसली.

"भिन्नजोड, म्हणजे दोन वेगळ्या जोडप्यांची भ्रूणं जोडलेली निघाली, की जिल्हा समितीला कळवावं लागतं," डॉक्टर म्हणाले. "चोवीस आठवडे भरायच्या आत असेल तर समिती गर्भ पाडायचा हुकूम काढते. आजवर एकदाही सोडलेलं नाही. पाच आठवडे राहिलेत, ऋजुता. पाच आठवडे तोंड मिटून बसलो तर एक जीव वाचतो. यात मी काही पाप बोलतोय का?"

"आणि रेणुकाताई? यजमान गेल्यावर पाच वर्षांच्या आतच त्यांचं भ्रूण वापरता येतं. महिनाअखेर ती मुदत संपते. त्या सोमवारी येणार आहेत."

"येऊ देत. त्यांना भ्रूण मिळेल."

"कोणतं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शिल्लक आहे ते."

"ते जगतापांचं आहे."

"कागदावर जगतापांचं वापरून संपलं. हे बघ, आपल्या घाटावर कोयना समोरून येऊन कृष्णेला भिडते. पुढे नाव कृष्णेचंच. कोयनेचं पाणी वेगळं काढून द्या, असा दावा कुणी लावलाय का आजवर?"

"पाणी विचारत नाही, सर. मूल विचारतं."

"मग सांगू, वितळवताना टिकलं नाही म्हणून. शंभरात चार टिकत नाहीत." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "दोन्हींपैकी काय ते तू ठरव. सोमवारी तुझी सही लागेल. नाही केलीस, तर सही का नाही याचं कारण मला समितीला लिहावं लागेल. ते लिहिलं की जगतापांच्या पोराचं काय होतं, ते तुला माहीत आहे."

प्रयोगशाळेत शिरायला दोन दारं होती आणि मध्ये एक कपाटाएवढी खोली. हवा स्वच्छ राहावी म्हणून एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नसे. ऋजुता त्या मधल्या खोलीत उभी राहिली. मागचं दार बंद झालं, पुढचं उघडलं, कुणी आत गेलं नाही म्हणून पुन्हा मिटलं. सही केली तर ताईंना आयुष्यभर दुसऱ्याचं मूल नवऱ्याचं म्हणून कुशीत घ्यावं लागणार. सही नाकारली तर अन्विताचं पोर जाणार. आणि टिकलं नाही म्हटलं तर सगळे सुखरूप. फक्त एका बाईला तिच्या नवऱ्याची शेवटची खूण मेली असं सांगायचं, ती जिवंत असताना.

गुरुवारी अन्विता तपासणीला आली, सासूबाईंना घेऊन.

"मॅडम, काल पहिल्यांदा हललं," अन्विता म्हणाली. "मासोळी पाण्यात वळावी ना, तसं."

"मी म्हटलं वात असेल," सासूबाई म्हणाल्या. "तर माझ्यावरच चिडली. ही आधी अशी नव्हती हो. नाव बदललं आणि जिभेला धार आली."

"नाव तुम्हीच बदललंत."

"मग काय करणार? आमच्या नणंदेचं नाव रेणुका. एका घरात दोन रेणुका कशा चालतील? हाक एकीला मारायची, ओ दुसरीनं द्यायची." सासूबाई ऋजुताकडे वळल्या. "तुम्ही का हो अशा बघताय? रिपोर्ट बरा आहे ना?"

"बरा आहे," ऋजुता म्हणाली. रिपोर्ट खरंच बरा होता. आईच्या रक्तात वारेचे अंश उतरतात, आणि त्यांत दोन वंश दिसत होते, साठ-चाळीस. जोडणीत दोन दिसायचेच. ते कुणाचे, हे कुणी विचारत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला घाटावरच्या देवळात रेणुकाताईंचं कीर्तन होतं. ऋजुताला लहानपणापासून कीर्तनाचं वेड. वडील मृदंग वाजवायचे, त्यांच्या मांडीला टेकून तिनं कितीतरी पूर्वरंग झोपेत ऐकले होते. रेणुकाताईंचं कीर्तन मात्र झोपू देत नसे. साधं लुगडं, गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या. आवाज कातर नव्हता, भरदार होता. पेटीवर पूर्वी विनायकराव बसायचे. आता दुसरे गृहस्थ होते. ताई अजूनही ओळ सोडताना डाव्या अंगाला बघायच्या, आणि मग मान वळवून घ्यायच्या.

निरूपण संगावर होतं. "बायांनो," ताई म्हणाल्या, "भाकरी थापताना परातीत कोरडं पीठ कशाला पसरता?"

"चिकटू नये म्हणून," समोरून उत्तर आलं.

"आणि मळताना पाणी कशाला? एकजीव व्हावं म्हणून. नुसतं पाणी घातलं तर गोळा परातीतच बसेल. नुसतं पीठ असलं तर भाकरीला भेगा. देवानं प्रपंच असाच मळलाय. धरायचं पाण्यानं, सुटायचं पिठानं. आमच्या सासूबाई म्हणायच्या, जिची भाकरी परात सोडत नाही, तिचा जीव माहेरात." बायका हसल्या. "हसू नका. सगळ्यांचा कुठं ना कुठं असतोच."

ऋजुता हसली नाही. विकरांवरचे इतके शोधनिबंध तिनं वाचले होते, पण ही बाई तेच परातीत घेऊन बसली होती. आणि तिच्याशी खोटं बोलायचं होतं.

आरती झाली, लोक पांगले. ओवरीत ताई उपरण्याची घडी घालत बसल्या होत्या.

"या डॉक्टरीणबाई. सोमवार विसरले नाही मी. गोळ्या वेळेवर चालल्यात. ह्यांचा आवाज म्हणजे फाटका बांबू, पण पेटी गोड. पोरानं पेटी त्यांची घ्यावी, गळा माझा. उलटं झालं तर मात्र गावाची धडगत नाही."

"ताई, सोमवारी जे भ्रूण सोडायचं आहे, ते तुमचं नाही."

घडी अर्ध्यावर थांबली. ऋजुतानं सगळं सांगितलं. वेलांटी, हिम, जोडणी, एकोणिसावा आठवडा. अन्विताचं नाव तेवढं घेतलं नाही.

"म्हणजे माझं दुसऱ्या बाईच्या पोटात आहे," ताई सावकाश म्हणाल्या. "जुळं?"

"जुळं नाही. दोन्ही मिळून एकच."

"वेगळं काढता येतं?"

"आठ पेशींचं असताना आलं असतं. आता त्याचं काळीज चालू आहे."

"त्यात ह्यांचं किती?"

"वारेत दोन्हींचं आहे, ते दिसतं. बाळात किती ते माहीत नाही. हात तुमचे असतील, डोळे असतील. किंवा काहीच नसेल. तुमच्या पेशी वार होऊन त्याला नुसत्या पोसत असतील."

"म्हणजे दाई." ताईंनी उपरणं बाजूला ठेवलं. "बरं. मग मी काय करावं, असं तुमचं म्हणणं?"

ऋजुतानं कायदा सांगितला, चोवीस आठवडे सांगितले. डॉक्टरांचं बोलणंही लपवलं नाही. ताई ऐकत राहिल्या आणि मग त्यांचा आवाज चढला नाही, उतरला.

"हे मला का सांगितलंत?"

"खोटं सांगवेना."

"तसं नाही. तुमच्यानं हे ओझं वागवेना, म्हणून माझ्या पदरात टाकलंत. परवापासून तुम्ही अडकला होतात, आता मी अडकले. तक्रार करावी तर ते पोर जाणार. गप्प बसावं, तर माझं कधी काही नव्हतंच म्हणायचं. सुटलात तुम्ही, बाई. मोकळ्या झालात."

"हो," ऋजुता म्हणाली.

पुजाऱ्यानं समईतली वात पुढे सारली आणि तो निघून गेला.

"त्या बाईला माहीत आहे?"

"नाही. तिला कळलं की तिच्यावरही समितीला कळवायचं बंधन येतं."

"पण पोर तिच्या पोटात आहे. तिला विचारायला नको?"

"हवं."

"मग एक दिवस ती तुमच्या तोंडावर थुंकेल."

"हो."

"तेव्हा पुसू नका." ताईंनी पिशवीतून कागद काढला. वर ह.भ.प. छापलेला, कीर्तनाची पत्रं लिहायचा. "चोवीस कधी भरतात?"

"एकोणीस जानेवारीला."

ताईंनी दिवा जवळ ओढला आणि लिहायला घेतलं. मायना समितीला होता. माझं भ्रूण माझ्या संमतीशिवाय वापरलं, केंद्राच्या भ्रूणतज्ज्ञ ऋजुता मसूरकर यांनी नळी चुकवली, डॉक्टरांनी दुसऱ्याचं भ्रूण मला देऊ केलं, आणि ज्यात माझं भ्रूण मिसळलं त्या गर्भाचे चोवीस आठवडे काल भरले. पानभर मजकूर, एकही खाडाखोड नाही. खाली सही, आणि तारीख वीस जानेवारी.

कागद त्यांनी ऋजुतासमोर धरला. "हा तुमच्याकडेच ठेवा. त्या दिवशी तुम्हीच नेऊन द्या. मी ठेवला तर एखाद्या रात्री माझा जीव तुटेल आणि मी दुसऱ्या दिवशीच साताऱ्याला जाईन. मला माझा भरवसा नाही."

"आणि माझा आहे?"

"नाही. पण बघू." त्या उठल्या. "सोमवारचं मी रद्द म्हणून कळवते. मन बदललं म्हणते. बाईचं मन बदललं म्हटलं की कुणी कारण विचारत नाही."

सोमवारी डॉक्टर जोगळेकरांनी ताईंचं पत्र वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा रंग आला. "देवानंच सोडवलं," ते म्हणाले. कागद ऋजुताच्या एप्रनच्या आतल्या खिशात होता.

पाच आठवडे तो तिथेच राहिला. एप्रन धुवायला जाई तेव्हा तो पर्समध्ये, जेवायला बसली की मांडीवर. फाडून टाकला तर कुणाला कळणार नव्हतं. ताईंनी दुसरा लिहिला असता असंही तिला वाटत नव्हतं. उद्याच नेऊन दिला तर ती सुटली असती आणि पोर गेलं असतं. तिनं तो फाडला नाही आणि नेलाही नाही. नुसता सांभाळला. महिना संपला, ताईंची मुदत संपली. त्या दिवशी ऋजुतानं त्यांना फोन लावला. पलीकडून फक्त, "लक्षात आहे," एवढंच आलं आणि फोन ठेवला गेला.

संक्रांतीला अन्विता तिळगूळ घेऊन आली. पोट आता चांगलं दिसत होतं. "घ्या मॅडम, गोड बोला," ती म्हणाली. ऋजुतानं वडी हातात घेतली. गोड काय आणि कडू काय, बोलण्यासारखं तिच्याजवळ काहीच नव्हतं. अन्विताला वाटलं, मॅडमचा घसा बसलाय. तिनं मध-आलं घ्यायला सांगितलं.

वीस तारखेला, शुक्रवारी, ऋजुता सकाळच्या एसटीनं साताऱ्याला गेली. समितीच्या कार्यालयात खिडकीमागे एक वयस्कर कारकून बसला होता. त्यानं कागद वाचला, उलटून बघितला, पुन्हा सरळ केला.

"रेणुका साळुंखे तुम्हीच?"

"नाही. मी ऋजुता मसूरकर. ज्यांच्याविरुद्ध आहे, त्या."

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे स्वतःविरुद्धची तक्रार घेऊन आलात."

"हो."

"टपालानं पाठवली तरी चालते."

"त्यांनी माझ्या हातात दिली होती."

तो क्षणभर विचारात पडला. सरकारी नियमांत याला मनाई कुठे आहे, ते त्याला आठवेना. त्यानं शिक्का मारला, क्रमांक टाकला. "चोवीस उलटून गेलेत. म्हणजे आता हुकूम निघणार नाही. चौकशी होईल, केंद्राचा परवाना जाईल. तुमचं नावही नोंदवहीतून निघेल. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"आणि मूल कुणाचं, ते कोर्ट ठरवेल. वर्षं जातील." त्यानं पावतीबुक ओढलं. "पोच हवी?"

"हवी. त्यांना नेऊन द्यायची आहे. आणि एक प्रत आणखी मिळेल का?"

"ती कुणाला?"

"मुलाच्या आईला," ऋजुता म्हणाली, आणि आपण दोघींपैकी एकीलाच आई म्हटलं हे तिच्या ध्यानात आलं. "दुसऱ्या आईला," तिनं सुधारलं. कारकुनानं दोन पोचा फाडून दिल्या.

उंब्रजला एसटी थांबली, तेव्हा तिनं फोन लावला.

"अन्विता, घरी आहात का? तासाभरात येतेय मी. सासूबाईंना आणि यजमानांनाही घरीच थांबायला सांगा."

"काय झालं मॅडम? रिपोर्टमध्ये काही आहे का? बाळ बरं आहे ना?"

"बाळ अगदी बरं आहे," ऋजुता म्हणाली. गाडी सुटली, खिडकीची काच थरथरू लागली. "बाकीचं मी समोर बसून सांगते."